अ‍ॅटलासमधली तांबडी रेघ आणि कसाऱ्याचा घाट

१५ सप्टेंबर २०२४, रविवार. पाऊस उघडला म्हणून भाचीला घेऊन पांडवलेणीवर गेलो होतो. नाशिकमध्ये वाढलेल्या माणसाने ही टेकडी किती वेळा चढलेली असते ते मोजण्यात अर्थ नाही, पण त्या दिवशी पहिल्यांदाच मी दहाव्या लेण्यात निवांत थांबलो. ओसरीच्या मागच्या भिंतीवर, छताला लागून, या टोकापासून त्या टोकापर्यंत ब्राह्मी अक्षरांच्या ओळी आहेत. मला ती लिपी येत नाही. भाचीने मोबाइलवर त्या लेखाचं भाषांतर काढलं आणि मोठ्याने वाचायला लागली.

मी नाशिकच्या द्वारका चौकाजवळ एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या ऑफिसात चौदा वर्षं हिशेब बघतो. बिल्टी (मालाची पावती), भाडं, वराई (माल चढवण्या-उतरवण्याची हमाली), डिझेलचा आगाऊ, हेच माझं रोजचं वाचन. तरीही त्या लेखाने मला धरून ठेवलं, कारण तो हिशेबाचाच कागद आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने वर्ष ४२ मध्ये गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या व्यावसायिक संघांकडे, ३००० कार्षापण (त्या काळची नाणी) ठेव म्हणून ठेवले. २००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ व्याजाने, १००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळाभर मुक्काम करणाऱ्या, २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रांसाठी द्यायचे. मी तिथंच तोंडी गुणाकार केला. २००० वर दरमहा २०, वर्षाला २४०, भागिले २० म्हणजे १२. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचा हिशेब पैशाला पैसा जुळला. अंगावर काटा आला.

दुसऱ्या लेखात गावं आणि नद्या होत्या. भरुकच्छ (भडोच), दशपूर (मंदसौर), गोवर्धन, शोर्पारग (सोपारा) या चार ठिकाणी त्याने उतरायला धर्मशाळा बांधल्या. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा, दाहनुका या नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. भाची म्हणाली, “मामा, हे तर तुझ्या गाड्यांच्या रूटसारखं आहे.”

घरी आल्यावर तिचा शाळेचा अ‍ॅटलास काढला. त्यात प्राचीन व्यापारी मार्गांचा एक छोटा नकाशा होता. भडोचहून एक तांबडी रेघ निघून पैठणला जात होती आणि नाशिक त्या रेघेवरचं एक टिंब होतं. सह्याद्री नावाची काही भानगड मध्ये आहे याचा त्या रेघेला पत्ताच नव्हता. सोपाऱ्याहून नाशिककडे येणारी दुसरी रेघही तशीच सरळ. मी रोज बघतो की कसारा घाटात एक ट्रेलर आडवा झाला तर आमच्या ऑफिसातले फोन दिवसभर थांबत नाहीत. मग बैल नेमके कुठून चढले? त्या रात्री ठरवलं की ही रेघ खरी जमिनीवर आणून बघायची. पुढचे नऊ महिने त्यात गेले. ज्या कुणाला आपल्या गावाचा जुना रस्ता असा शोधायचा असेल त्याला थोडं सोपं जावं म्हणून जे जसं झालं तसं लिहितो आहे.

सुरुवात फुकटच्या गोष्टींनी करा, हा माझा पहिला सल्ला. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा, म्हणजे इंग्रज सरकारच्या जिल्हावार माहितीग्रंथाचा, नाशिकचा खंड १८८३ चा, सोळावा. ठाण्याचा तेरावा, १८८२ चा. दोन्ही इंटरनेटवर मिळतात. त्यात घाटांची वर्णनं आहेत, व्यापाराचं वेगळं प्रकरण आहे, लमाण-वंजाऱ्यांच्या बैलांच्या तांड्यांबद्दल आहे आणि पांडवलेणीच्या लेखांची भाषांतरंही आहेत. श्वार्ट्झबर्ग यांचा दक्षिण आशियाचा ऐतिहासिक अ‍ॅटलास १९७८ चा. तो शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल ग्रंथालयावर चाळता येतो. रोज रात्री जेवणानंतर एक तास, असं मी पंधरा दिवस केलं. खर्च शून्य.

पण इरफान हबीब यांचा मुघल साम्राज्याचा १९८२ चा अ‍ॅटलास मला कागदावर बघायचा होता. त्यात प्रत्येक भागाचे दोन नकाशे आहेत, एक राजकीय आणि एक आर्थिक. आर्थिक नकाशावर पिकं, खाणी, कापडाची गावं आणि रस्ते. शहरातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात तो असल्याचं कळलं. ३० सप्टेंबरला अर्ज दिला. बाहेरच्या वाचकाला संदर्भ विभागात बसायचं तर अर्ज, आधारची प्रत, दोन फोटो, नोकरीच्या ठिकाणचं पत्र आणि ५०० रुपये अनामत. पत्राचं कळल्यावर जरा धास्ती वाटली. आमच्या मालकांना काय सांगणार, की मला दोन हजार वर्षांपूर्वीचा माल कुठून यायचा ते बघायचंय? पण त्यांनी काही न विचारता लेटरहेडवर सही करून दिली.

उत्तर आलं ११ नोव्हेंबरला. मध्ये दिवाळी होती हे मान्य, तरी ४२ दिवस फार झाले. तीनदा चौकशीला गेलो. एकदा अर्ज सापडेना, एकदा सही करणारे रजेवर. तिसऱ्या वेळी तिथल्या शिपाईमामांनीच सांगितलं की अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक घालून घ्या, नाहीतर तुमच्याकडे पुरावा काहीच नाही. ही गोष्ट मी पहिल्या दिवशीच करायला हवी होती. कुठल्याही कचेरीत कागद देताना आपल्या प्रतीवर शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

आत बसायची वेळ ११ ते ४, तीही सोमवार ते शुक्रवार. मी चार अर्ध्या रजा टाकल्या. मोठ्या आकाराच्या पुस्तकांची झेरॉक्स बंद, ट्रेसिंग पेपर ठेवून गिरवायलाही बंदी, कारण पेन्सिलीचा दाब पानावर उमटतो. ते मला पटलं. दुसरा अर्ज केल्यावर फ्लॅश न वापरता मोबाइलने फोटो काढायची परवानगी मिळाली. फोटो काढताना एक काळजी घ्या: पट्टी पानाच्या कडेला ठेवून तीही फोटोत येऊ द्या, आणि अक्षांश-रेखांशाचे आकडे असलेल्या चारही कडा आत घ्या. पहिल्या दिवशीच्या माझ्या फोटोंत मधला भाग छान आला होता आणि कडा कापल्या गेल्या होत्या. ते सगळे परत काढावे लागले.

त्या टेबलावर बसून एक साधी गोष्ट कळली. तो अ‍ॅटलास १:२०,००,००० प्रमाणावर आहे, म्हणजे कागदावरचा १ मिलिमीटर जमिनीवर २ किलोमीटर. छापलेली रस्त्याची रेघ अर्धा मिलिमीटर जाड धरली तरी तिच्या जाडीतच एक किलोमीटर मावतो. शाळेच्या अ‍ॅटलासमध्ये हेच पाच-दहा किलोमीटर होतं. म्हणजे रेघ अमुक खिंडीतून गेली असं अ‍ॅटलास सांगतच नाही. तो सांगतो की या गावाचा त्या गावाशी व्यवहार होता. कुठलाही ऐतिहासिक अ‍ॅटलास उघडलात की आधी प्रमाण बघा, मग सूचीत तुटक रेघ आणि सलग रेघ यांचा अर्थ बघा. तुटक रेघ बहुतेक वेळा अभ्यासकाचा अंदाज असतो.

आणि अ‍ॅटलास एकापेक्षा जास्त घ्या. तीन वेगळ्या काळांचे नकाशे शेजारी ठेवले तेव्हा मला नाशिक हलताना दिसलं. पहिल्या शतकातला तो ग्रीक खलाशी, ज्याचं नाव आपल्याला माहीत नाही पण ज्याचा पेरिप्लस, म्हणजे बंदरांची आणि व्यापाराची माहितीपुस्तिका, आपल्यापर्यंत आला, तो सुप्पारा आणि कल्लिएन ही बंदरं सांगतो, म्हणजे सोपारा आणि कल्याण. दुसऱ्या शतकात भूगोलकार टॉलेमीच्या यादीत नासिक हे नाव सरळ आलं आहे. तेव्हा बंदर सोपारा, त्यामुळे माल नाशिकवरून. सतराव्या शतकात बंदर सुरत झालं. फ्रेंच जवाहिरा ताव्हर्निये सुरतेहून गोवळकोंड्याला निघाला तो नवापूर, पिंपळनेर करत दौलताबादला उतरला. त्याच्या वाटेत बागलाण आहे, पण नाशिक शहर नाही. पुढे मुंबई बंदर झालं, १ जानेवारी १८६५ ला रेल्वे इगतपुरीपर्यंत चढली आणि माल परत आमच्या दारावरून जायला लागला. आज द्राक्षांचे कंटेनर न्हावाशेव्याला जातात तेही तसेच. ट्रान्सपोर्टच्या धंद्यात म्हणतात की गाडी बंदराचं ऐकते. एका टेबलावर तीन पानं उघडी ठेवून हे बघताना मला जो आनंद झाला तो सांगता येण्यासारखा नाही.

आता घाट. त्यासाठी समोच्च रेषांचे, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचे, नकाशे लागतात, म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाची पत्रकं. पूर्वी हे काम सामान्य माणसाला अवघड होतं. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने लोकांसाठी खुली मालिका वेगळी केली, आणि आता १:५०,००० ची ही पत्रकं विभागाच्या ऑनलाइन पोर्टलवर नोंदणी करून पीडीएफ रूपात फुकट उतरवता येतात. ८ डिसेंबरला रात्री बसलो. नाव, पत्ता, मोबाइल, ईमेल, ओटीपी. आमच्या घरात मोबाइलची रेंज फक्त गच्चीवर येते, त्यामुळे ओटीपीसाठी लॅपटॉप घेऊन गच्चीवर, थंडीत. तीन रात्रींत आठ पत्रकं उतरवली.

इथे नाशिककरांसाठी एक खास अडचण आहे ती सांगतो. आपलं शहर बरोबर २० अंश उत्तर अक्षांशावर बसलं आहे, आणि पत्रकांचा सांधा तिथंच येतो. जुन्या क्रमांकांत रामकुंडाकडचा भाग ४६ एच मध्ये, तर पांडवलेणी आणि नाशिकरोड ४७ ई मध्ये. नव्या पद्धतीत २० अंशांच्या वरचा भाग एफ ४३, खालचा ई ४३. “नाशिक” शोधून एकच पत्रक उतरवलं तर अर्धं शहर हातात येतं. मला दोन दिवस वाटत होतं की पांडवलेणी नकाशात दाखवलीच नाही. जुन्या क्रमांकाने सांगायचं तर शहरासाठी ४६ एच/१६ आणि ४७ ई/१३ ही जोडी लागते, इगतपुरीसाठी ४७ ई/१० आणि कसाऱ्यासाठी ४७ ई/६.

आर्किटेक्ट लोकांचे नकाशे काढून देणाऱ्या दुकानात आठ प्रिंट काढल्या, प्रत्येकी १२० प्रमाणे ९६० रुपये. दुकानदाराला एकच गोष्ट दोनदा सांगा: पानात बसवायला लहान करू नका, शंभर टक्क्यांवरच छापा. छापून आल्यावर नकाशावरची प्रमाणपट्टी आपल्या पट्टीने मोजा. किलोमीटरला बरोबर २ सेंटिमीटर यायला हवेत. माझी पहिली प्रिंट ९४ टक्क्यांवर आली होती. ती वाया गेली, पण मी आधी एकच काढून बघितली म्हणून १२० वरच निभावलं.

कडा कापून ती पत्रकं हॉलच्या फरशीवर जोडली. मग भाचीचे रंगीत खडू घेऊन उंचीप्रमाणे रंग भरायला घेतले. १०० मीटरपर्यंत हिरवा, पुढे पिवळा, नारिंगी, तपकिरी. हे काम संगणक दोन मिनिटांत करतो हे मला माहीत आहे. तरी हाताने करा. एकेक समोच्च रेषा बोटाने पकडत गेलं की डोंगर हातात येतो. कसाऱ्याच्या वर रेषा इतक्या दाटतात की खडू फिरवायला जागा उरत नाही, आणि मग एका ठिकाणी त्या जरा श्वास घेतल्यासारख्या सुट्या होतात. तिथून रेल्वे गेली आहे आणि महामार्गही. कसारा ते इगतपुरी साधारण ३०० मीटरचा चढ. रेल्वेने तो ३७ ला १ या चढणीने काढला, आजही मागून जादा इंजिनं लावावी लागतात. उत्तरेला आणि दक्षिणेला कडा सरळ तुटलेला दिसतो. पायवाटा आहेत, पण ओझ्याच्या बैलाला किंवा गाडीला सोसेल असा सैल उतार हाच. कुठल्याही पुस्तकाने सांगण्याआधी हे माझ्या खडूने मला दाखवलं, तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना हाका मारून उठवलं. रात्रीचे साडेबारा झाले होते.

उषवदाताच्या नद्याही त्या दिवसांतच लावल्या. डहाणूची खाडी, दमणगंगा, पार, तापी. इबा म्हणजे अंबिका असं अभ्यासक मानतात. लेखात त्या मागेपुढे आल्या आहेत, पण नकाशावर टिंबं दिली की दक्षिणेकडून उत्तरेकडे एक माळ होते, सोपाऱ्याहून भडोचला जाणाऱ्या किनाऱ्याच्या रस्त्याची. त्या रस्त्यावरच्या प्रवाशाला या प्रत्येक पाण्यापाशी नाव शोधत बसावं लागलं असणार. यातली दमणगंगा आपल्याच दिंडोरी तालुक्यात उगम पावते. लेण्यातल्या दानाच्या यादीत अख्खा रस्ता दडलेला आहे, आणि अ‍ॅटलास समोर नसता तर मला तो दिसला नसता.

जानेवारी २०२५ चे तीन रविवार मात्र चुकीत गेले. एकोणिसाव्या शतकातला, चार मैलांना एक इंच प्रमाणाचा एक जुना सरकारी नकाशा मी इंटरनेटवरून उतरवला होता. रेल्वेच्या आधीचे गाडीरस्ते बघायचे म्हणून तो आजच्या पत्रकावर बसवायला घेतला. क्यूजीआयएस नावाचं नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, भाची इंजिनिअरिंगला आहे, तिने शिकवलं. चारही कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश टाकले आणि बघतो तर सगळी गावं पूर्वेला सरकलेली. नद्यासुद्धा. पुन्हा केलं, पुन्हा तेवढंच. तिसऱ्या रविवारी मी चिडून बंद करणार होतो, तेव्हा भाची म्हणाली, “मामा, सगळं सारखंच सरकलंय ना? मग चूक तुझी नाही, नकाशाच्या रेखांशाचीच असणार.”

तसंच निघालं. त्या काळी भारतातले रेखांश मद्रासच्या वेधशाळेवरून मोजत, आणि त्या वेधशाळेचाच धरलेला रेखांश सुमारे अडीच मिनिटांनी जास्त होता. पुढे तारयंत्राने वेळा अचूक जुळवता आल्यावर तो दुरुस्त झाला. पण जुन्या नकाशावर नाशिकचा जो रेखांश लिहिला आहे तो खऱ्यापेक्षा तेवढाच जास्त. आपल्या अक्षांशावर अडीच मिनिटं म्हणजे सव्वाचार किलोमीटरपेक्षा थोडं अधिक. मी कोपऱ्यांचे जुने आकडे आजचे समजून टाकत होतो आणि नेमकी काय उलटापालट करत होतो ते समजायला मला आणखी एक संध्याकाळ लागली. शेवटी उपाय सोपा निघाला. जुन्या नकाशावर कोपरे धरूच नका. देऊळ, किल्ल्याचं टोक, नद्यांचा संगम अशा न हलणाऱ्या आठ-दहा जागा दोन्ही नकाशांवर ओळखा आणि त्यांनी नकाशा बसवा. त्र्यंबकचा ब्रह्मगिरी, अंजनेरी, रामशेज हे आमचे खुंटे झाले. एका तासात काम झालं.

दिवसांचा हिशेब मला आधीपासून करायचा होता. पेरिप्लसमध्ये भडोचहून पैठण दक्षिणेला २० दिवसांवर आणि पैठणहून तगर, म्हणजे आपलं तेर, पूर्वेला १० दिवसांवर असं दिलं आहे. पैठणहून गोमेद आणि तेरहून कापड गाड्यांवर लादून, जिथे धड रस्ता नाही अशा मोठ्या मुलखातून भडोचला येत असे. नकाशावर सरळ अंतर मोजलं तर भडोच-पैठण साधारण ३५० किलोमीटर. वळणं धरून ४३०-४४० म्हणा. म्हणजे रोज २२ किलोमीटरच्या आसपास. पैठण-तेर मात्र सरळ १५० च, आणि तेही पूर्वेला नाही, आग्नेयेला. या दुसऱ्या टप्प्यात चाल मंद का पडते यावर मी बरेच दिवस विचार केला. तुलनेला इंग्रज प्रवासी पीटर मंडी आहे. त्याला १६३२ मध्ये उत्तरेत १४,००० बैलांचा धान्याचा तांडा भेटला होता आणि असा तांडा दिवसाला सहा-सात मैलांपेक्षा जास्त चालत नाही असं त्याने लिहून ठेवलं आहे. चरत चरत जाणारा तांडा १०-११ किलोमीटर, गाडी २०-२२. म्हणजे दिवस मोजायचे तर आधी कोण चालतंय ते विचारायला हवं.

मग लक्षात आलं की १:५०,००० चं एक पत्रक दोन्ही बाजूंनी साधारण २६-२८ किलोमीटरचं असतं. बैलगाडीची एक दिवसाची मजल म्हणजे जवळपास एक पत्रक. तेव्हापासून मी फरशीवरच्या नकाशाकडे पत्रकं म्हणून बघणं सोडलं. एक चौकोन, एक मुक्काम. प्रत्येक चौकोनात संध्याकाळी पाणी कुठे मिळेल ते शोधायचं.

१६ फेब्रुवारीला एसटीने कसाऱ्याला गेलो. सोबत दोन पत्रकांच्या लहान झेरॉक्स, पाण्याच्या दोन बाटल्या, होकायंत्र. येणं-जाणं, चहा-नाश्ता धरून ४१० रुपये. घाटात महामार्गावरून चालू नका, गाड्या अंगावर येतात. मी पहिला अर्धा तास चाललो आणि घाबरून परत फिरलो. सकाळचा सगळा उत्साह तिथे गेला. मग जीपने वर घाटनदेवीच्या देवळापाशी उतरलो. तिथून खालची दरी दिसते. नकाशा उत्तरेला लावला आणि फरशीवर खडूने भरलेला तपकिरी रंग समोर उभा दिसला. घाटाच्या तोंडाशी राखण करणारी देवी असते आणि जुन्या वाटेचा तोच मोठा पुरावा असतो, हे मी ऐकून होतो. तिथे बसल्यावर पटलं. चढ संपवून आलेला माणूस बैलाचं जू सोडून पहिला हात जोडणार तो इथेच.

देवळाजवळ शेंगा विकत बसलेल्या एका बाबांना नकाशा दाखवला. त्यांनी तो बाजूला सारला आणि विचारलं, “मीठ कुठून चढायचं ते शोधता का?” मी हो म्हणालो. ते म्हणाले, “आमच्या आज्याच्या टायमाला खालून मीठ यायचं अन् वरून नागली-भात जायचा. बैल मोकळा कधी जात नव्हता.” रिकामी गाडी परत आणायची नाही, दोन्ही बाजूंचं भाडं मिळालं तरच धंदा, हे आमच्या ऑफिसात रोज बोललं जातं. मी बाबांकडून अर्धा किलो शेंगा घेतल्या आणि खूप वेळ बसून राहिलो.

मार्चमध्ये गंगापूरजवळच्या गोवर्धनला जाऊन आलो, लेखातल्या विणकरांचं गाव म्हणून. घाटाच्या पायऱ्यांवर गोदावरी शांत होती. त्याबद्दल वेगळं लिहीन. जोगलटेंभीलाही जायचं होतं, जिथे १९०६ मध्ये १३,२५० चांदीची नाणी सापडली. नहपानाची नाणी, त्यांतल्या बऱ्याचशा नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. सत्ता बदलली तरी पैसा त्याच रस्त्यावर फिरत राहिला. पण मार्चअखेर म्हणजे आमच्या ऑफिसचे जमा-खर्च, ते राहून गेलं.

एप्रिल-मे पक्का नकाशा करण्यात गेले. सोपारा ते नाशिक शाईने, नाशिक ते पैठण पेन्सिलीने, कारण पुढची पत्रकं अजून भरायची आहेत. जिथे घाट आणि नदीमुळे दुसरी वाटच नाही तिथे सलग रेघ, जिथे माझा अंदाज तिथे तुटक. अनामत परत मिळाली. ती सोडून एकूण खर्च, वाया गेलेली प्रिंट, खडू, प्रवास आणि शेवटची मोठी रंगीत प्रिंट धरून २,३०० रुपयांच्या आत. चार अर्ध्या रजा वेगळ्या.

मालकांनी विचारलं की ज्याच्यासाठी पत्र दिलं ते झालं का, आणि दाखवल्यावर म्हणाले, ऑफिसातच लाव. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नकाशा बिल्टीच्या खिडकीशेजारी लागला. ५ जूनलाच समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला होता, त्यामुळे सगळे ड्रायव्हर त्याच गप्पांत होते. बोगद्यातून गेलं की घाट लागतच नाही.

आमच्याकडचे सगळ्यात जुने ड्रायव्हर, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, ते चहाचा कप घेऊन नकाशासमोर उभे राहिले. बोट कसाऱ्यावर ठेवलं, घाट चढवला, इगतपुरी, घोटी, आणि तिथे थांबले.

“घोटी ते नाशिक मध्ये मुक्काम कुठं दाखवला तुम्ही?”

मी म्हणालो, “तात्या, इगतपुरीहून नाशिक ४५ किलोमीटर आहे. दोन मजला होतात, पण मधलं गाव कोणतं ते सापडलं नाही. पाण्यावरून दोन-तीन जागा निघतात.”

“वाडीवऱ्हे,” ते म्हणाले. “आमचे आजोबा बैलगाडीनं नाशिकला माल आणायचे. पहाटं निघाले की रात्री वाडीवऱ्ह्याला सोडायचे. गाड्या सोडायची जागा होती, विहीर होती. आता कुठं राहिली, बघायला पाहिजे.”

पट्टी लावली. वाडीवऱ्हे दोन्हीकडून जवळजवळ सारख्या अंतरावर येतं. मी खुर्चीवर चढून तिथे पेन्सिलीने एक टिंब दिलं. रविवारी तात्यांना घेऊन ती विहीर शोधायला जातो आहे. ४७ ई/९ आणि ४७ ई/१३, दोन्ही पत्रकं सोबत घेतली आहेत.